चंद्राच्या मापाची पट्टी

सरांनी मला मान वळवून कधी ओळखलं नाही. मी व्हरांड्याच्या त्या टोकाला असायचे, ते आत प्रयोगशाळेत दाराकडे पाठ करून टेबलावर वाकलेले असायचे, आणि तिथूनच आवाज यायचा, "ये पोरी. डाव्या पायाले काय झालं तुह्या?" काहीतरी झालेलं असायचंच. चपलेचा अंगठा तुटलेला, नाहीतर बसमधून उतरताना पाय मुरगळलेला. प्राचार्य दोन खोल्या पलीकडे असतानाच सर म्हणायचे, "आले. कागद झाका." सगळ्या कॉलेजला ते पायांवरून ओळखत. तोंडं मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. दोन वर्षं शिकवलेल्या पोराला बाजारात समोरासमोर पाहून "आपण कोन?" असं विचारायचे, आणि पोरगं खट्टू होऊन चार पावलं पुढं गेलं की मागून हाक मारायचे, "अबे, तू होय. प्रॅक्टिकलची वही कुठं हाये तुही?"

मी त्यांची विद्यार्थिनी, आणि पुढे अमरावतीच्या त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक झाले. वायरी गुंडाळायच्या, लोलक टांगायचे, परीक्षेत पोट्ट्यांनी फोडलेल्या भिंगांची यादी करायची, हे माझं काम. कितीतरी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. मी तापट आहे आणि तोंडाने फटकळ आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. सरांसमोरही माझं तोंड भरपूर चालायचं. जेव्हा चालायला पाहिजे होतं तेव्हा नेमकं चाललं नाही, म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

आमच्या प्रयोगशाळेत पंखा नव्हता. म्हणजे होते, चार होते, पण सरांनी त्यांची बटणंच काढून ठेवली होती. पंख्याने छत हलतं, छताने भिंत हलते, भिंतीने जमीन हलते आणि जमिनीने त्यांच्या यंत्राची सुई, असं त्यांचं म्हणणं. अमरावतीचा एप्रिल ज्याने काढला आहे त्याला याचा अर्थ कळेल. पोरं घामाने भिजलेल्या हातांनी परीक्षेची प्रॅक्टिकलं करायची, उत्तरपत्रिकेवर शाई पसरायची, आणि बाहेरून आलेले परीक्षक अर्ध्या तासात व्हरांड्यात जाऊन बसायचे. मी एकदा भांडले. "सर, पोरगी चक्कर येऊन पडली. ती पडली तेव्हा नाही का हलली सुई?" त्यांनी खरंच उठून जाऊन कागद पाहिला. म्हणाले, "हलली. पाह्य, इथं. डोकं नाही आपटलं, खांदा आपटला. घाबरू नको." मला इतका संताप आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही. पोरीला मात्र खांद्यालाच लागलं होतं.

दाराशी चपला काढायच्या. खुर्ची ओढायची नाही, उचलायची. टेबलाच्या चारी पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे. आणि टेबलावर त्यांचं ते जुनं यंत्र, कागदावर रेघ काढत बसलेलं. भूकंप मोजायचं यंत्र, पण वऱ्हाडात भूकंप कुठे येतो? त्याला सापडायच्या त्या बडनेऱ्याच्या मालगाड्या, रस्त्यावरचा रोलर, शेजारच्या शाळेची कवायत. सर त्या सगळ्याला 'कुरकुर' म्हणत. "जमीन सतत कुरकुरते पोरी. आपल्याले ऐकू येत नाही म्हनून आपन तिले मुकी समजतो." आणि कुणी त्या रेघेबद्दल शंका काढली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "सुईची कोनाशी ओळख नसते." म्हणजे ती कुणाची भीड धरत नाही. माणूस खोटं सांगेल, चुकीचं आठवेल, पण सुई जे झालं तेच लिहील. प्राचार्यांनी एकदा सांगितलं की मी वेळेवर आलो होतो, तर सरांनी स्टाफरूममध्ये कागद दाखवून त्यांना खोटं पाडलं. सरांची बढती का अडली हे मला तरी कधी विचारावं लागलं नाही.

इतवारा बाजारात फळं घ्यायला त्यांच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षा होती. टरबूज कानाशी धरायचे, एका बाजूला टिचकी मारायचे, दुसऱ्या बाजूला ऐकायचे, मग फिरवून पुन्हा. एका टरबुजाला दहा मिनिटं. तिथला म्हातारा बागवान वैतागून म्हणायचा, "प्रोफेसरसाहेब, टरबूज घेऊन राहिले का ऑपरेशन करून राहिले?" सर त्याला शांतपणे सांगत, "न कापता सांगतो मी आत काय हाये ते." आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. मग तिथेच, हातगाडीवर, गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, मला आणि बागवानाला धडा. ग्रहाला आतून पाहायचं असेल तर तो कापता येत नाही. खणून खणून किती खणशील? पण त्याला कुठून तरी धक्का बसतो, आतून कंप येतो, पृष्ठभागावर कान लावून बसलेल्याला कळतं की कुठे घट्ट आहे, कुठे पातळ, कुठे पोकळ. "चंद्र बी असाच ऐकाचा हाये," म्हणायचे. बागवान म्हणायचा, "ऐका ना साहेब, पण आधी हे सात टरबुजं खाली ठेवा."

चंद्राची गोष्ट थट्टेतली नव्हती. तरुणपणी सर दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत होते, उपग्रहांची उपकरणं होतात तशा ठिकाणी. आईच्या आजारपणासाठी परत आले आणि राहिले. पन्नाशी उलटल्यावर तिथल्या जुन्या ओळखीतून एक पत्र आलं. चंद्रावर उतरणाऱ्या एका यानासाठी छोटं भूकंपमापक पाहिजे, विद्यापीठं-कॉलेजांनी आराखडे पाठवावेत. सरांनी पाठवला. पुढच्या फेरीसाठी जे मोजके आराखडे निवडले त्यांत आमच्या बिनपंख्याच्या प्रयोगशाळेचा निघाला. पेढे मी वाटले, सरांना सुचलं नाही.

यंत्र जेवणाच्या डब्याएवढं होतं. त्याचा जीव म्हणजे एक पट्टी. वीतभर लांब, नखाएवढी जाड, तापमान बदललं तरी फारशी न बदलणाऱ्या धातूची. तिच्या टोकाला एक वजन. जमीन हलली की वजन मागे राहतं, आणि ते किती मागे राहिलं ते मोजायचं. एवढंच. पण चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाएवढंच भरतं, म्हणून पट्टी चंद्राच्या मापाने घडवावी लागते. ती इथे अमरावतीत सरळ उभी केली की मान टाकायची. मग सरांनी सागवानाची एक पाचर केली आणि यंत्र तिच्यावर जवळजवळ आडवं निजवलं, म्हणजे पृथ्वीची ओढ त्याला चंद्राएवढीच लागेल. दिवसभर त्या तिरक्या यंत्राकडे पाहून सरांची स्वतःची मानही एका बाजूला कलली. पोट्टे त्यांना 'कलते सर' म्हणायला लागले. धातू दक्षिणेतून एकदाच मिळाला होता, एका पट्टीपुरता. ती घडवायला, तापवायला, निववायला सरांना दीड वर्ष लागलं. बडनेऱ्याच्या एका लेथवाल्याकडे ते रोज संध्याकाळी जायचे आणि तो बिचारा स्वतःचं काम बाजूला ठेवून पट्टी पकडायचे यांचे चिमटे कातून द्यायचा.

पट्टी झाली आणि प्रश्न आला की तपासायची कुठे. चंद्रावर सगळं सामसूम. इथे रेल्वे, रस्ता, कॉलेज. शिवाय आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, तिच्यावर ठेवलेली वस्तू एका जागी राहतच नाही. सरांना पाहिजे होता खालचा खडक आणि वर शांतता. मी पटकन बोलून गेले, "सर, आमच्या अकोल्याच्या जिनात चला. विहीर आहे, आटलेली, तळाशी काळा खडक आहे. तिथं आता काहीच चालत नाही."

आमचं जिन म्हणजे आमच्या मालकीचं नव्हे. कापसातली सरकी काढायचा कारखाना. माझे वडील तिथे वजनकाट्यावर होते आणि आम्ही आवारातल्याच खोल्यांत वाढलो. हंगामात अंगणात, ताटात, केसांत कापूस. मग एकेक हंगाम आखूड होत गेला आणि एका वर्षी दसऱ्याला पूजा झाली ती शेवटची. आम्ही मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात भाड्याने गेलो. आवारात राहिले फक्त मिस्त्रीचाचा.

चाचा तिथले फिटर. मी पाच वर्षांची असताना त्यांनी मला हाताच्या पालथ्या बाजूने बेअरिंग तापलं का ते पाहायला शिकवलं. बायको गेली होती, मूल नव्हतं. मालक इंदूरला; त्यांनी यंत्रं भंगारात विकायची ठरवली होती, मोठ्या दाराला कुलूप लावून त्यावर लाख ओतली होती, आणि चाचांना राखण म्हणून एक खोली दिली होती. अट एकच. आत कुणी गेलं, यंत्राला हात लागला, तर खोली गेली. मालकांना मी पत्र लिहिलं, विहीर वापरायची परवानगी मिळाली, आणि सरांनी तळाशी खडकावर सिमेंटचा ओटा बांधून यंत्र निजवलं. वर पत्रे घातले. दर शनिवारी मी घरी जायची तेव्हा कागदाचं रीळ बदलायची.

चाचांना सर आवडले. "इल्मवाला आदमी है," मला म्हणाले. सर विहिरीच्या काठावर अनवाणी बसायचे आणि चाचा त्यांना बिनदुधाचा चहा द्यायचे. दोघंही फार बोलत नसत. एकदा सरांनी त्यांना सगळी जुनी रिळं दाखवली, अमरावतीच्या प्रयोगशाळेतली, मागच्या कितीतरी वर्षांची. "हे पाहा मिस्त्री. दिवाळीपासून होळीपर्यंत रेघ कशी जाड हाये. जिन, गठानींची प्रेस, गाड्या, कापसाचे ट्रक. आता हे पुढलं साल पाहा. आता हे." रेघ दर वर्षी बारीक होत गेली होती. शेवटच्या दोन हंगामांत तर हंगाम कुठून सुरू झाला तेही दिसत नव्हतं. चाचा बराच वेळ बोट फिरवत राहिले. सर म्हणाले, "माह्या कामाले चांगलंच हाये हे," आणि बोलून गेल्यावर त्यांनाच कसंतरी झालं. त्यांनी रिळं गुंडाळली आणि पुन्हा कधी कुणाला दाखवली नाहीत.

तेव्हाचे दिवसच तसे होते. पेपरच्या आतल्या पानावर रोज एका शेतकऱ्याची छोटी चौकट, गावाचं नाव तेवढं वेगळं. दौऱ्यांच्या गाड्या धूळ उडवत जायच्या. वर्गातली खेड्यावरची पोरं मध्येच यायची बंद व्हायची. सर हजेरी घेताना एखादा क्रमांक गप्प राहिला तर पूर्वी हजार चौकशा करायचे. त्या वर्षांत त्यांनी कारण विचारणं सोडलं. नुसते थांबायचे, आणि पुढचा क्रमांक घ्यायचे.

पहिली नोंद दक्षिणेत गेली आणि महिन्याभराने समितीचं उत्तर आलं. यंत्र फार चांगलं आहे, इतकं चांगलं त्यांना अपेक्षित नव्हतं. पण रोज दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमारास आठ-दहा ठोके उमटलेले आहेत, सारख्या अंतराने. दुपारी ऊन विहिरीत उतरत असणार, पट्टी तापून बुडाशी सुटत असणार. चंद्रावर तर ऊन-थंडीचा फरक कितीतरी पट. तीन महिन्यांत दोष काढा, नवी नोंद पाठवा, नाहीतर दुसऱ्याचं यंत्र घेऊ.

सरांनी ते पत्र टेबलावर ठेवलं, वर रीळ पसरलं आणि दोन दिवस त्याच्यासमोर बसून राहिले. मग दोनदा अकोल्याला जाऊन आले. त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी मला हाक मारली. दार लावायला सांगितलं.

"इकडं ये. हे ठोके पाह्य. सोमवार हाये, मंगळ हाये, बुध, गुरू. शुक्रवारी नाही. शनिवारी पुन्हा हाये. दोन्ही हप्त्यांत शुक्रवार कोरा." त्यांनी चष्मा काढला. "सूर्याले काही शुक्रवारची सुटी नसते, पोरी."

मला त्याच क्षणी कळलं. लहानपणापासून पाहिलेलं होतं मी. जिन बंद असलं तरी चाचा रोज दुपारी जेवणाआधी मोठं चाक हाताने फिरवायचे, आठ-दहा फेरे. तेवढ्याने जमिनीखालचा लांब दांडा फिरतो, बेअरिंगमध्ये तेल खेळतं, लोखंड धरत नाही, जाम होत नाही. प्रत्येक फेऱ्याला चामडी पट्ट्याचा सांधा कप्पीवरून जाताना 'ठप' आवाज करतो. आणि शुक्रवारी दुपारी चाचा नमाजाला गेलेले असतात. दाराला लाख होती, पण मागच्या खिडकीचा गज त्यांनीच बसवलेला होता, त्यांना तो काढता यायचा.

"मी गेलो की ठोके येत नाहीत," सर म्हणत होते. "दोनदा बसून आलो मी दिवसभर. मास्तर वर्गात असला की पोट्टं जसं गुमान बसते, तसं. म्हनून तुले इचारतो. तू तिथली हायेस. त्या आवारात दुपारी काही चालते का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मान कललेली, डोळ्यांखाली काळं. आणि मला चाचांची खोली दिसली, तिच्यातली ती एक खाट आणि भिंतीला टांगलेले नट आवळायचे पाने. सर खरं ते सगळं लिहिणार. समितीला लिहिणार, मालकाची परवानगी घेतली म्हणून मालकालाही लिहिणार; प्राचार्यांनाही सोडलं नव्हतं त्यांनी. सुईची कुणाशी ओळख नसते. मी मनात हिशेब केला की उद्या शनिवार, जाऊन चाचांना सांगते, तीन महिने चाक फिरवू नका. ठोके आपोआप बंद होतील. सरांचं काम होईल, चाचांची खोली राहील, कुणाला काही कळणार नाही.

"नाही सर," मी म्हणाले. "तिथं काहीच चालत नाही."

"नक्की?"

"मी सांगते ना."

त्यांनी मान हलवली. रीळ गुंडाळलं. मला सुटल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

शनिवारी चाचांकडे गेले. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडला. "मेरे वजह से?" दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बेटा, तीन महिने नाही फिरवलं त ते चाक धरून घेईन. बरसात लागून राहिली. चाळीस साल एक दिन भी उसे रुकने नहीं दिया." मी म्हणाले, "चाचा, सरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे." ते उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "ठीक है. नाही फिरवत." त्यांनी शब्द पाळला. मी एकटीच होते जिने दोघांचा विश्वास घेतला आणि कुणाला काही दिलं नाही.

सोमवारी मी प्रयोगशाळेत आले तेव्हा सरांनी मला पायावरून ओळखलं, पण नेहमीसारखं काही बोलले नाहीत. टेबलावर पट्टी होती. दोन तुकड्यांत.

मी शुक्रवारी "काही चालत नाही" म्हटलं होतं. शनिवारी मी अकोल्याला पोचायच्या आधीच सर पहाटेच्या गाडीने जाऊन यंत्र काढून घेऊन आले होते. चाचा बाजारात गेले होते, त्यांना पत्ताच नाही, आणि मी त्या दिवशी रीळ बदलायला विहिरीत उतरलेच नव्हते. बाहेर काही चालत नसेल तर दोष आतच असणार, इतकं सरळ होतं ते. दोष पट्टीच्या बुडाशी, चिमट्यात. तो पाहायला बुडाचा भाग कापून काढावा लागणार होता. रविवारी त्यांनी तो कापला. भिंगाखाली तासन्‌तास पाहिला. "चीर दिसत नाही," मला म्हणाले. "पन असनारच. बारीक असन."

त्या वेळी तरी मी बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. कापलेली पट्टी काही जुळणार नव्हती, आता सांगून काय होणार, असं मनाला समजावलं. खरं कारण ते नव्हतं. मला त्यांची भीती वाटली.

उरलेल्या पट्टीवर त्यांनी यंत्र पुन्हा बांधलं. ती आखूड पडली, माप चुकलं, वजन बदललं, पाचर बदलली. नवीन धातू मागितला तर समितीने कळवलं, शिल्लक नाही. अडीच महिने माणूस झोपला नाही नीट. विहिरीत घेतलेल्या दुसऱ्या नोंदीत दुपारचे ठोके नव्हते, अर्थातच नव्हते. पण बाकी सगळी रेघच खरखरत होती, आखूड पट्टी स्वतःच कुरकुरत होती. समितीने आभार मानले आणि दुसऱ्या कुणाचं यंत्र घेतलं. ते यान पुढे गेलं, उतरलं की नाही, हे सरांनी कधी विचारलं नाही आणि मी पेपरचं ते पान प्रयोगशाळेत येऊ दिलं नाही.

पावसाळा संपल्यावर चाचांनी खिडकीचा गज काढला. चाक हललं नाही. पहारीने ढकललं, रॉकेल ओतलं, दोन हमाल बोलावले. जाम. मी शनिवारी गेले तेव्हा ते विहिरीच्या काठावर बसले होते, जिथे सर बसायचे तिथे. मला म्हणाले, "प्रोफेसरसाहब का काम हुआ?" मी हो म्हटलं. म्हणजे आणखी एक खोटं. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की मला तिथे उभं राहवेना. पुढच्या वर्षी भंगारवाले आले आणि सगळं कापून घेऊन गेले. चालणारं चाक आणि जाम चाक, त्यांनी एकाच भावात तोललं असतं. खोली गेलीच. चाचा बाळापूरला भाच्याकडे गेले आणि तिथेच वारले.

सर शिकवत राहिले. पंखे बंदच होते, चपला दाराशीच निघत होत्या. कापलेला तुकडा ते हजेरीच्या वहीत खूण म्हणून ठेवायचे. पण एक फरक पडला होता, जो फक्त मला कळत होता. पोरांची प्रॅक्टिकलं तपासताना आकडा विचित्र आला तर पूर्वी ते म्हणायचे, "असन बी, पुन्हा घे." आता म्हणायचे, "यंत्र खराब असन." आमच्या सगळ्या यंत्रांना ते खराब म्हणायला लागले. त्यांचं ते ठरलेलं वाक्य मी त्यानंतर कधी ऐकलं नाही.

चाचा गेल्याचं कळलं तेव्हा सरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आता कुणाची खोली जाणार नव्हती. मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. ते पुढच्या खोलीत आरामखुर्चीत, दाराकडे पाठ. फाटकातच होते मी, तर आतून आवाज आला, "ये पोरी. वजन वाढलं तुह्यं."

मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. चाक, पट्ट्याचा सांधा, शुक्रवारची नमाज, खिडकीचा गज, माझं शनिवारी जाणं. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग हळूच म्हणाले, "म्हंजे पट्टी चांगली होती."

"हो सर."

"किती फेरे मारत होता मिस्त्री?"

"आठ-दहा."

"आठ-दहा ठोके." त्यांनी मान डोलावली. "एकेक फेरा मोजला होता तिनं." त्यांच्या आवाजात क्षणभर आनंद होता, खरा आनंद, आणि तो मला सहन झाला नाही. मी म्हणाले, "सर, चाचांची खोली गेली असती. तुम्ही मालकाला लिहिलं असतं."

"काहून लिहिलं असतं?" ते वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला पुरतं वळून पाहिलं. "मी फकस्त म्हनलं असतं, मिस्त्री, दहा दिवस हात आवरा. अन् त्याईनं आवरला असता. कागदावर कोनाचं नाव टाकाचं काय काम होतं? माह्याबद्दल असं वाटलं तुले?"

"सुई सांगून राहिली होती मले. शुक्रवार सुद्धा दाखवला तिनं," सर म्हणाले. "जिंदगीभर मी तिचं ऐकलं. त्या एका दिवशी तुह्यं ऐकलं."

ते पुन्हा पाठमोरे झाले. मी उठले. त्यांनी जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. सोबत इतवाऱ्यातून टरबूज घेतलं होतं, टिचकी मारून, त्यांच्यासारखंच ऐकून. फाटक उघडलं. त्याच चपला, तोच डावा पाय. अंगण ओलांडलं, पायरी चढले, दारात उभी राहिले. आत ते तसेच बसले होते, दाराकडे पाठ करून, मान एका बाजूला. नुकताच गल्लीतून दूधवाला गेला होता आणि त्याला त्यांनी पाठमोऱ्यानेच नावाने हाक मारलेली मी फाटकातून ऐकली होती.

"कोन हाये?" सरांनी विचारलं.

मी टरबूज खाली ठेवलं. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना माझं नाव सांगितलं.